सत्येंद्रनाथ बोस : विज्ञान आणि मातृभाषा
(हीरक महोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



महाराष्ट्राच्या सीमेबाहेर साठ वर्षे मराठी माध्यमाची शाळा चालविणाऱ्या संस्थेच्या हीरक महोत्सवात एका बंगाली भौतिकशास्त्रज्ञावर व्याख्यान व्हावे, हे काहींना थोडे अप्रस्तुत वाटेल. परंतु अशा शाळेच्या दारात दरवर्षी प्रवेशाच्या वेळी एक प्रश्न हमखास येऊन उभा राहतो. मराठीतून शिकलेल्या मुलाला पुढे विज्ञान झेपेल काय? पालक तो संकोचाने विचारतात, शिक्षक त्याला धीराने उत्तर देतात, आणि पुढच्या वर्षी तोच प्रश्न पुन्हा येतो. या प्रश्नाच्या उत्तरासाठी ज्यांनी आपल्या आयुष्याची शेवटची पंचवीस वर्षे वेचली, ते सत्येंद्रनाथ बोस कलकत्त्याचे होते. विश्वातील मूलकणांच्या एका संपूर्ण वर्गाला ज्यांच्या नावावरून ‘बोसॉन’ म्हणतात, अशा माणसाने मातृभाषेतून विज्ञान शिकविण्याचा आग्रह धरला, म्हणून त्या आग्रहाला वजन आहे. भाषेवर प्रेम करणारा कोणीही असा आग्रह धरू शकतो. विज्ञानाचा गाभा ज्याच्या हाताखालून गेला आहे अशाने तो धरणे ही निराळी गोष्ट आहे. त्यांचा प्रयत्न सर्वस्वी सफल झाला असे मात्र म्हणता येत नाही. त्याचाही विचार येथे करावाच लागेल.

सत्येंद्रनाथांचा जन्म १ जानेवारी १८९४ रोजी उत्तर कलकत्त्यात झाला. वडील सुरेंद्रनाथ ईस्ट इंडियन रेल्वेत नोकरीला होते. सहा बहिणींत हा एकटा भाऊ, आणि सर्वांत थोरला. वडील कचेरीला निघण्यापूर्वी घरातील जमिनीवर गणिते लिहून ठेवीत आणि संध्याकाळपर्यंत मुलाने ती सोडवून ठेवायची, अशी आठवण त्यांच्या चरित्रांत आढळते. पुढे हिंदू स्कूलमध्ये असताना उपेंद्रनाथ बक्षी या गणिताच्या शिक्षकांनी त्यांना १०० पैकी ११० गुण दिले. कारण असे की, या मुलाने सगळी गणिते तर सोडविलीच, शिवाय काही गणिते एकाहून अधिक रीतींनी सोडविली. आजच्या संगणकीकृत गुणपत्रिकेत हा आकडा बसणार नाही, आणि असे गुण देणाऱ्या शिक्षकाला खुलासा द्यावा लागेल. तरी शाळेच्या स्मरणग्रंथात बक्षी मास्तरांचे नाव आवर्जून यावे. पुढे जगाने जे ओळखले, ते त्यांनी उत्तरपत्रिका तपासताना ओळखले होते.

१९०५ साली बंगालची फाळणी झाली तेव्हा सत्येंद्रनाथ अकरा वर्षांचे होते. स्वदेशीची चळवळ, विलायती कापडाच्या होळ्या आणि १९०६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय शिक्षण परिषद या वातावरणात त्यांची पिढी वाढली. मातृभाषेतून उच्च शिक्षण ही त्या पिढीला ऐकूनच ठाऊक असलेली कल्पना होती. सत्येंद्रनाथांनी ती पुढे चार दशके मनात ठेवली आणि मग कृतीत आणली.

प्रेसिडेन्सी कॉलेजात जगदीशचंद्र बोस आणि प्रफुल्लचंद्र राय हे त्यांचे गुरू होते, तर मेघनाद साहा हे सहाध्यायी. १९१५ मध्ये एम.एस्सी.च्या परीक्षेत सत्येंद्रनाथ पहिले आले आणि साहा दुसरे. नोकरीची वाट मात्र सरळ नव्हती. कलकत्ता विद्यापीठाचे सूत्रधार सर आशुतोष मुखर्जी यांनी या तरुणांना नव्या विज्ञान महाविद्यालयात घेतले आणि आधुनिक भौतिकशास्त्र शिकविण्यास सांगितले. अडचण अशी की, ते शिकविण्यापूर्वी त्यांना स्वतःलाच ते शिकावे लागणार होते. प्लांक, आइन्स्टाइन, बोल्ट्झमन हे सगळे जर्मन भाषेत लिहिणारे लोक. त्यातच पहिले महायुद्ध चालू, त्यामुळे जर्मनीतून ग्रंथ येणे बंद. अखेर पॉल ब्रूल नावाच्या एका जर्मनभाषी प्राध्यापकाच्या खासगी संग्रहात हवी ती पुस्तके सापडली. या तरुणांनी जर्मन भाषा शिकून घेतली आणि ती पुस्तके वाचली.

त्या वाचनाचे फळ म्हणजे १९२० मध्ये कलकत्ता विद्यापीठाने प्रसिद्ध केलेला, सापेक्षतेवरील आइन्स्टाइन आणि मिन्कोव्स्की यांच्या मूळ निबंधांचा इंग्रजी अनुवाद. साहा आणि बोस हे त्याचे अनुवादक होते. प्रस्तावना प्रशांतचंद्र महालनोबीस यांची होती. त्या निबंधांचे ते पहिले इंग्रजी भाषांतर मानले जाते. येथे क्षणभर थांबण्यासारखे आहे. मातृभाषेचा पुढे एवढा कैवार घेणाऱ्या या माणसाचे पहिले मोठे ग्रंथकार्य म्हणजे एका परक्या भाषेतून दुसऱ्या परक्या भाषेत केलेले भाषांतर होते! त्यांच्या मातृभाषेच्या आग्रहात परभाषेचा द्वेष का नव्हता, याचे उत्तर येथे मिळते. इंग्रजी, जर्मन, फ्रेंच या भाषा त्यांनी गरजेपोटी आणि आवडीने आत्मसात केल्या होत्या. ज्ञान कोणत्या भाषेत आहे ते पाहून ती भाषा शिकावी, हा त्यांचा परिपाठ. पण ज्ञान घरी आणल्यावर ते घरच्या माणसांना घरच्या भाषेत सांगावे, हा त्याचा दुसरा अर्धा भाग होता.

१९२१ मध्ये ढाक्याला नवे विद्यापीठ सुरू झाले आणि सत्येंद्रनाथ तेथे भौतिकशास्त्राचे रीडर म्हणून रुजू झाले. त्यांचा विश्वविख्यात शोध येथे, वर्गात शिकविताना लागला. तप्त वस्तूतून बाहेर पडणाऱ्या प्रारणाचा जो नियम मॅक्स प्लांक यांनी १९०० मध्ये मांडला, तो प्रयोगांशी तंतोतंत जुळत होता. परंतु तो सिद्ध करण्याच्या तत्कालीन रीतींत जुन्या तरंगसिद्धांताची आणि नव्या पुंजकल्पनेची सरमिसळ होती. विद्यार्थ्यांपुढे ती सिद्धता मांडताना सत्येंद्रनाथांना ती पटेना. शिक्षकाला स्वतःला जे पटले नाही ते मुलांना पटवून द्यायचे कसे? त्यांनी जुना आधार पूर्णपणे बाजूला ठेवला आणि प्रकाशाचे कण मोजण्याची नवी रीत योजून तोच नियम सिद्ध केला.

ती रीत समजण्यास अवघड नाही. विद्यार्थ्यांनी दोन नाणी घ्यावीत आणि एकदम उडवावीत. चार शक्यता संभवतात: दोन्ही छापे, दोन्ही काटे, पहिले छापा, दुसरे काटा, पहिले काटा, दुसरे छापा. चारही सारख्या संभवनीय. म्हणजे दोन्ही छापे पडण्याची शक्यता चारात एक, आणि एक छापा-एक काटा पडण्याची चारात दोन. हे सर्वांना मान्य होईल, कारण नाणी कितीही सारखी दिसली तरी एक ‘हे’ असते आणि दुसरे ‘ते’ असते. आता अशी कल्पना करावी की, या दोन नाण्यांना ‘हे’ आणि ‘ते’ असे म्हणताच येत नाही. त्यांची अदलाबदल झाली तरी जगात काहीही बदलत नाही. मग ‘पहिले छापा, दुसरे काटा’ आणि ‘पहिले काटा, दुसरे छापा’ या दोन वेगळ्या गोष्टी उरत नाहीत. ती एकच अवस्था होते. शक्यता चार नव्हेत, तीन; आणि प्रत्येकीचा वाटा एक तृतीयांश. यात एक चमत्कारिक गोष्ट घडली. दोन्ही नाणी एकसारखी पडण्याची शक्यता पूर्वी निम्मी होती, ती आता दोन तृतीयांश झाली. ज्यांना स्वतंत्र ओळख नाही असे कण एकाच अवस्थेत गोळा होण्याकडे अधिक कलतात. प्रकाशाचे कण असे वागतात, असे मानून सत्येंद्रनाथांनी मोजणी केली आणि प्लांकचा नियम आपोआप हाती आला. नाण्यांना असे कधी घडत नाही हे खरे. म्हणून तर ही कल्पना सुचायला बोस यावे लागले.

हे सगळे नुकतेच मराठीत सांगून झाले. सभागृहातील आठवीच्या विद्यार्थ्यांनाही ते कळले असावे. ‘छापा’, ‘काटा’, ‘शक्यता’, ‘अदलाबदल’ हे शब्द बाजारातले आणि घरातले आहेत. सत्येंद्रनाथांचा आयुष्यभराचा युक्तिवाद काय होता, हे या नाण्यांवरून ध्यानात यावे.

हा छोटासा इंग्रजी निबंध त्यांनी आधी लंडनच्या ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’कडे पाठविला होता, तेथे तो छापला गेला नाही. मग ४ जून १९२४ रोजी तिशीतल्या या अनोळखी प्राध्यापकाने तो थेट आइन्स्टाइन यांना बर्लिनला पाठविला. सोबतच्या पत्रात त्यांनी विनंती केली की, निबंध योग्य वाटल्यास तो जर्मन नियतकालिकात छापण्याची व्यवस्था व्हावी, कारण भाषांतर स्वतः करण्याइतके आपले जर्मन चांगले नाही. आइन्स्टाइन यांनी तो स्वतः जर्मन भाषेत उतरविला आणि ही सिद्धता म्हणजे एक महत्त्वाचे पाऊल आहे, असा शेरा जोडून ‘त्साइटश्रिफ्ट फ्युर फिजीक’ या नियतकालिकाकडे धाडला. चार वर्षांपूर्वी ज्याने आइन्स्टाइनचे भाषांतर केले होते, त्याचे भाषांतर आता आइन्स्टाइनने केले. सत्येंद्रनाथांनी लगेच धाडलेला दुसरा निबंधही आइन्स्टाइन यांनी भाषांतरित केला, पण त्याला आपली असहमती दर्शविणारी टीपही जोडली. परस्पर आदरात मतभेदाला जागा होती. पहिल्या निबंधातील मोजणीची रीत मात्र आइन्स्टाइन यांनी वायूच्या अणूंना लावली, आणि अतिशीत तापमानाला अणू एकाच अवस्थेत गोळा होतील असे भाकीत केले. ते प्रयोगशाळेत प्रत्यक्ष दिसायला १९९५ साल उजाडावे लागले.

आइन्स्टाइन यांचे एक साधे पोस्टकार्ड ढाक्याला आले. त्याने विद्यापीठाचे दरवाजे उघडले. दोन वर्षांची अभ्यासरजा मंजूर झाली, आणि ते कार्ड पाहून जर्मन वकिलातीने शुल्क न घेता प्रवेशपत्र दिले.

ऑक्टोबर १९२४ मध्ये सत्येंद्रनाथ पॅरिसला पोहोचले. तेथे मेरी क्युरी यांच्या प्रयोगशाळेत काम करावे या इच्छेने ते त्यांना भेटले. मादाम क्युरी त्यांच्याशी इंग्रजीत भरभर बोलू लागल्या. येथे येणाऱ्याला फ्रेंच आलेच पाहिजे, पूर्वी एका भारतीय विद्यार्थ्याची त्यावाचून फार अडचण झाली होती, तेव्हा चार महिने फ्रेंच शिकून मगच यावे, असा त्यांचा सल्ला. सत्येंद्रनाथांना फ्रेंच उत्तम येत होते. पण बाईंच्या बोलण्याचा ओघ असा की मध्ये ‘मला फ्रेंच येते’ एवढे सांगण्यास फटच सापडेना! ते मुकाट्याने परतले. ही गोष्ट ते स्वतः हसत सांगत. परदेशात शिकायला गेलेल्या माणसाला भाषेच्या दाराशी किती वेळ उभे राहावे लागते, याचा अनुभव त्यांना तेव्हाच आला. बर्लिनला आइन्स्टाइन यांची भेट झाली, आणि १९२६ मध्ये ते ढाक्याला परतले. डॉक्टरेट त्यांच्यापाशी नव्हती, तरी आइन्स्टाइन यांच्यासारख्यांच्या शिफारशींमुळे प्राध्यापकपद त्यांना मिळाले.

ढाक्याची वर्षे, एकूण चोवीस, ही अध्यापनाची आणि प्रयोगशाळा उभारण्याची. स्फटिकांच्या क्ष-किरण अभ्यासाची उपकरणे तेथे हाताने घडविली गेली. शोधनिबंध मात्र फारसे आले नाहीत. आयुष्यभरात त्यांचे सुमारे पंचवीसच निबंध प्रसिद्ध झाले. एकदाच येऊन गेलेल्या धूमकेतूची उपमा त्यांनी स्वतःला दिली होती असे सांगतात. टीकाकारांनी यावर बोट ठेवले, आणि ते अगदीच गैर होते असे नाही. गणित सुटले की सुटण्यातला आनंद संपला, कागद कोठे गेला याची फिकीर नाही, असा त्यांचा स्वभाव होता. मैफलीची हौस दांडगी. एसराज उत्तम वाजवीत. साहित्यिकांच्या अड्ड्यांत तासन् तास रमत. अशा माणसाने नेमाने शोधनिबंध लिहिले असते तर विज्ञानाचा अधिक फायदा झाला असता काय, हा प्रश्न निकालात काढणे कठीण आहे.

परंतु त्या अड्ड्यांतूनच त्यांचे दुसरे कार्य उगवले. १९३१ मध्ये सुधींद्रनाथ दत्त यांच्या ‘परिचय’ या बंगाली नियतकालिकाच्या पहिल्याच अंकात विज्ञानातील पेचप्रसंगावर त्यांचा लेख आला. पुंजसिद्धांताने कार्यकारणभावाला जो धक्का दिला, त्याची चर्चा कवी आणि कादंबरीकारांच्या शेजारी बसून, त्यांच्याच भाषेत. आणि १९३७ मध्ये रवींद्रनाथ ठाकूर यांनी वयाच्या पंचाहत्तरीनंतर विज्ञानावर एक बंगाली पुस्तक लिहिले, ‘विश्वपरिचय’. ते त्यांनी सत्येंद्रनाथांना अर्पण केले. महाकवीने अणूविषयी लिहावे आणि ते भौतिकशास्त्रज्ञाला अर्पण करावे, असा योग कोणत्याही भाषेच्या वाट्याला क्वचित येतो.

१९४५ मध्ये ते खैरा प्राध्यापक म्हणून कलकत्त्याला परतले. दोन वर्षांत देश स्वतंत्र झाला, बंगाल पुन्हा दुभंगले, आणि ज्या ढाक्यात त्यांनी उमेद घालविली ते शहर परदेश झाले. २५ जानेवारी १९४८ रोजी त्यांच्या पुढाकाराने ‘बंगीय विज्ञान परिषद’ स्थापन झाली. ‘ज्ञान ओ विज्ञान’ हे तिचे मासिक. स्वातंत्र्याला सहा महिनेही झाले नव्हते, निर्वासितांचे लोंढे सियालदा स्थानकावर येत होते, आणि पाच दिवसांनी दिल्लीत गांधीजींची हत्या होणार होती. अशा दिवसांत विज्ञानाचे मासिक काढण्याची निकड वाटणारा माणूस किती दूरचे पाहत असला पाहिजे!

त्यांचे म्हणणे साधे होते. परक्या भाषेतून विज्ञान शिकणारा मुलगा आपली निम्मी शक्ती भाषेशी झगडण्यात खर्च करतो. विषय समजला नाही तरी वाक्य पाठ करता येते; परीक्षेत तेच लिहिता येते; आणि समजले नसल्याचे कोणालाच, त्याला स्वतःलाही, कळत नाही. दुसरे असे की, इंग्रजी जाणणाऱ्या मूठभरांपाशी विज्ञान राहिले तर शेतकरी, कारागीर, घरातील गृहिणी यांच्यापर्यंत ते पोहोचणार नाही. आणि ज्या देशात कायदे लोकांच्या मतांनी व्हायचे आहेत, तेथे लोकांना विज्ञानाची तोंडओळखही नसणे धोक्याचे. बंगालीतून विज्ञान शिकविता येत नाही असे म्हणणाऱ्यांना एक तर बंगाली येत नसावे किंवा विज्ञान तरी, अशा आशयाचे त्यांचे बोलणे आजही बंगालमध्ये सर्वतोमुखी आहे.

परिभाषेच्या बाबतीत ते कर्मठ नव्हते, आणि हे मराठी शिक्षकांनी विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. प्रत्येक पारिभाषिक शब्दाला संस्कृत धातूंतून नवा प्रतिशब्द घडविल्याशिवाय शिकवायला सुरुवातच करायची नाही, ही वृत्ती त्यांना मान्य नव्हती. रुळलेले परके शब्द खुशाल घ्यावेत. महत्त्व वाक्याला आहे. वाक्य जर आपल्या भाषेचे असेल तर त्यात ‘इलेक्ट्रॉन’ सुखाने नांदतो. याउलट प्रत्येक शब्द शुद्ध आणि वाक्य मात्र इंग्रजीवरून बेतलेले, असे पाठ्यपुस्तक मुलाला दोन्ही भाषांत परके ठरते. मराठीतील काही पाठ्यपुस्तके या कसोटीवर कोठे उतरतील, हे सांगण्याची गरज नाही.

१९६२ मध्ये ते जपानला एका परिसंवादासाठी गेले. जपानी शास्त्रज्ञ आणि तत्त्वज्ञ गहन विषयांवर जपानीतून बोलत होते. पाहुण्यांसाठी दुभाषे होते. यजमानांना आपल्या भाषेची लाज नव्हती, आणि त्यांच्या उद्योगधंद्यांचे त्यावाचून काही अडलेही नव्हते. हे दृश्य त्यांनी परतल्यावर अनेकदा वर्णन केले. पुढच्याच वर्षी ‘ज्ञान ओ विज्ञान’चा एक विशेषांक निघाला. रसायनज्ञ, कोशकार आणि ‘परशुराम’ या टोपणनावाने विनोदी कथा लिहिणारे राजशेखर बसू यांच्या स्मरणार्थ तो होता, आणि त्यात केवळ मूळ संशोधनपर निबंध होते, तेही बंगालीत लिहिलेले. विज्ञान सोपे करून सांगण्यापुरतीच आपली भाषा चालते, असा जो गोड समज भाषाप्रेमीही बाळगतात, त्याला दिलेले हे उत्तर होते.

सन्मान त्यांना पुष्कळ मिळाले. १९५२ मध्ये राज्यसभेवर नियुक्ती, १९५४ मध्ये पद्मविभूषण (त्या पहिल्याच यादीत बाळासाहेब खेर यांचेही नाव होते), १९५६ पासून दोन वर्षे विश्वभारतीचे कुलगुरुपद, १९५८ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व, आणि पाठोपाठ राष्ट्रीय प्राध्यापकपद. या यादीपेक्षा एक मोटारीची गोष्ट त्यांची ओळख अधिक पटविते. ‘बोसॉन’ हे नाव देणारे पॉल डिरॅक सपत्नीक कलकत्त्याला आले होते. सत्येंद्रनाथांनी पाहुण्यांना मागच्या आसनावर ऐसपैस बसविले आणि स्वतः पुढे बसले. शिवाय विद्यार्थ्यांनाही पुढेच कोंबू लागले. दाटी होत नाही काय, असे डिरॅक यांनी विचारताच ते म्हणाले की, आमचा बोस-सांख्यिकीवर विश्वास आहे. नाण्यांचे गणित ज्यांना समजले त्यांना हा विनोदही समजला असेल.

आता अडचणीच्या भागाकडे वळावे लागते. सत्येंद्रनाथांच्या हयातीत त्यांच्या स्वतःच्या विद्यापीठातही विज्ञानाचे उच्च शिक्षण मुख्यतः इंग्रजीतूनच चालू राहिले. मासिक निघत राहिले, पुस्तके छापली गेली, पण पदवीच्या वर्गाची भाषा पालटली नाही. मुलाच्या नोकरीची चिंता करणाऱ्या पालकाला शास्त्रज्ञाच्या तत्त्वनिष्ठेने धीर येत नाही, आणि त्या पालकाला दोष देणे अन्यायाचे होईल. सत्येंद्रनाथांनी स्वतः जगाला हलविणारा निबंध इंग्रजीत लिहिला आणि तो जर्मन भाषेत छापला गेला, हेही कोणी निदर्शनास आणील. ते खरेच आहे. त्यावर एवढेच म्हणता येते की, तो निबंध लिहिणाऱ्या माणसाची समजूत कोणत्या भाषेत घडली होती, हा निराळा प्रश्न आहे.

दुसरी अडचण या शाळेच्या अधिक जवळची आहे. सत्येंद्रनाथ बंगालमध्ये राहून बंगालीचा आग्रह धरीत होते. घरची, रस्त्यावरची, बाजारची भाषा तेथे एकच होती. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी मुलाचे तसे नाही. तो घरी मराठी बोलतो, दाराबाहेर पडताच त्या प्रांताची भाषा, आणि पुढे इंग्रजी त्याची वाट पाहत असतेच. सत्येंद्रनाथांचा युक्तिवाद काटेकोरपणे लावला, तर ‘भोवतालच्या समाजाची भाषा’ असे उत्तर निघू शकते. ते उत्तर अशा शाळेच्या विरोधातही जाऊ शकेल. हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक असलेल्या विष्णू वासुदेव नारळीकर यांचे चिरंजीव जयंत नारळीकर बनारसच्या शाळेत हिंदी माध्यमातून शिकले. घरी मात्र मराठी टिकली. त्यांनीच पुढे मराठीत विज्ञानकथा लिहिल्या; त्यांतली पहिली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी १९७४ मध्ये टोपणनावाने पाठविलेली होती. म्हणजे शाळेची भाषा निराळी असूनही घरची भाषा विज्ञानाला पुरी पडू शकते, आणि उलटही घडू शकते. यांपैकी कोणते केव्हा घडते, हे भाषेच्या नावापेक्षा एका गोष्टीवर अधिक अवलंबून असावे: वर्गात मुलाला न समजलेले विचारण्याची हिंमत कोणत्या भाषेत होते? सत्येंद्रनाथांनी इंग्रजीला दोष दिला तो इंग्रजी परकी म्हणून नव्हे, तर तिच्यापुढे मुले गप्प होतात म्हणून. साठ वर्षांत या शाळेच्या प्रयोगशाळेत मुलांनी किती प्रश्न विचारले याची नोंद कोणत्याही दप्तरात नसते. शिक्षकांना मात्र ती ठाऊक असते.

मराठीत हे काम नव्हते असे नाही. ‘सृष्टिज्ञान’ मासिक पुण्यात १९२८ पासून, म्हणजे ‘ज्ञान ओ विज्ञान’च्या वीस वर्षे आधीपासून निघत आले; मराठी विज्ञान परिषद १९६६ मध्ये मुंबईत स्थापन झाली. पण त्या मासिकांच्या वर्गणीदारांत महाराष्ट्राबाहेरच्या मराठी शाळा किती होत्या, हे त्या त्या शाळेने आपल्या वाचनालयाच्या कपाटात पाहावे.

ज्या ढाका विद्यापीठात सत्येंद्रनाथांनी चोवीस वर्षे शिकविले, त्याच परिसरात २१ फेब्रुवारी १९५२ रोजी बंगालीला राज्यभाषेचा दर्जा मिळावा म्हणून निघालेल्या विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. ते तेव्हा कलकत्त्याला होते. त्यांचे पूर्वीचे सहकारी आणि विद्यार्थी मात्र तेथे होते. भाषेसाठी पोरांनी प्राण द्यावेत, आणि त्याच भाषेत भौतिकशास्त्राचे पुस्तक मात्र असू नये, या विसंगतीशी सत्येंद्रनाथांचे काम उरलेली बावीस वर्षे झुंजत होते.

जानेवारी १९७४ मध्ये त्यांच्या वयाला ८० आणि त्या निबंधाला ५० वर्षे पूर्ण होत असल्यानिमित्त कलकत्त्यात देशोदेशीचे शास्त्रज्ञ जमले. सत्कारांना ते उपस्थित होते. त्यानंतर थोड्याच दिवसांत, ४ फेब्रुवारीला, त्यांचे निधन झाले. ‘ज्ञान ओ विज्ञान’ त्यांच्या पश्चातही निघत राहिले.